एका फुटक्या कौलाचा इतिहास

मराठी कथा-कादंबऱ्यांतील घरांची वर्णने वाचताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात आली आहे. ओटी, पडवी, माजघर, देवघर, परसू, विहीर यांना आमच्या लेखकांनी भरभरून शब्द दिले. छप्पर मात्र ‘कौलारू’ या एका विशेषणात उरकून टाकले. हे विशेषण इतके वापरले गेले आहे की त्यातून आता काही दिसेनासे झाले आहे. कोणते कौल, कोठून आलेले, कोणी भाजलेले, कोणी चढवलेले, फुटले तर कोणी बदललेले, यांपैकी एकही प्रश्न त्या शब्दाला पडत नाही. हा प्रश्न आम्हालाही कधी पडला नव्हता. तो पडला याचे कारण अगदी घरगुती आहे.

आमच्यापैकी एकाच्या आजोळी, मालवणकडच्या एका गावात, गेल्या वैशाखात माडाचे सुकलेले चुडत स्वयंपाकघराच्या पाख्यावर कोसळले आणि एक कौल फुटले. एकच. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. एक कौल बदलणे ते काय, अशा समजुतीने आम्ही बाजारातून दोन नवी कौले आणली. गावात कौलांचे काम करणारे आता एकच वृद्ध गृहस्थ उरले आहेत. त्यांनी शिडी लावली, नवे कौल हातात घेतले, उलटे करून त्याच्या खाचांवरून बोट फिरवले आणि वर न चढताच ते खाली ठेवले. म्हणाले, “मास्तरानू, ह्या कौल थयसर बसाचा नाय. साचो येगळो आसा.”

आम्ही आयुष्यभर पाठभेद, प्रक्षेप, मूळ संहिता असे विषय वर्गात शिकवीत आलो. ‘साचा वेगळा आहे’ हे वाक्य ऐकल्यावर आम्हाला वाटले की आपल्या डोक्यावरची संहिता आपण कधी वाचलेलीच नाही. पुढचे लेखन हा ती वाचण्याचा प्रयत्न आहे.

१. नळ्यांचे छप्पर

कौल ही वस्तू महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरची ब्रह्मपुरी, नेवासे, तेर अशा सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांत भाजलेल्या मातीची कौले सापडली आहेत. त्यांतील काहींना खिळ्यासाठी पाडलेली भोकेही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या प्रदेशात सपाट, ठोकून बसवायची कौले ठाऊक होती. पुढच्या शतकांत मात्र सामान्य घरावर आढळते ते गवत, पेंढा किंवा माडाची झापे आणि त्याहून बऱ्या स्थितीतल्या घरावर कुंभाराने घडवलेली अर्धगोल कौले. त्यांना कोठे ‘नळीची कौले’ म्हणतात, तर दक्षिण कोकणात आणि गोव्यात नुसते ‘नळे’.

नळा घडवण्याची रीत साधी आणि चतुर आहे. कुंभार चाकावर एका टोकाला किंचित निमुळती अशी पोकळ नळी ओढतो, ती ओली असतानाच उभी चिरतो आणि तिच्या दोन अर्धुकांची दोन कौले होतात. छपरावर एक ओळ उताणी आणि दोन उताण्या ओळींच्या सांध्यावर एक ओळ पालथी घातली की पाणी उताण्या नळ्यांतून वाहून वळचणीला पागोळ्यांच्या रूपाने पडते. यात खिळा नाही, तार नाही, खाच नाही. कौल टिकते ते स्वतःच्या वजनावर आणि शेजारच्या कौलाच्या आधारावर.

याच गुणात त्याचा दोषही आहे. जे नुसते ठेवलेले आहे, ते सरकते. वारा, कावळा, मांजर, माकड, वरून पडलेला नारळ, यांपैकी कोणीही त्याला जागचे हलवू शकते, आणि पातळ असल्यामुळे ते फुटतेही लवकर. म्हणून नळ्यांच्या घराला दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एकदा संपूर्ण हात फिरवावा लागे. या कामाला कोठे ‘शाकारणी’ म्हणत, कोठे ‘घर चाळणे’, कोठे ‘नळे परतणे’. शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. ‘शाकारणे’ हे क्रियापद गवताच्या छपराला चालते तसेच कौलांनाही चालते. म्हणजे भाषेच्या लेखी ही दोन्ही छपरे एकाच कुळातली, दर वर्षी नव्याने घालायची. ‘चाळणे’ या शब्दात निवड आहे. सगळी कौले उतरवायची, धड आणि फुटकी वेगळी करायची, पालापाचोळा, घरटी, विंचू झाडून काढायचे आणि धडांची पुन्हा मांडणी करून जी तूट येईल ती कुंभाराकडून भरून घ्यायची.

येथे ‘दुरुस्ती’ या आजच्या शब्दाने आपली फसगत होण्याचा संभव आहे. आपण दुरुस्ती म्हणतो तेव्हा काहीतरी बिघडले असे गृहीत धरतो. शाकारणीत बिघाड गृहीत नाही. ऋतू गृहीत आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस लोणची-पापड, बेगमीचे लाकूड आणि पेरणीची तयारी जशी, तशीच कौले. फुटलेल्या कौलाची वेगळी दखल घेण्याचे कारणच नव्हते, कारण त्याची जागा वर्षभरात आपोआप भरली जाणार होती. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्याकडून मडकी येत तशी कौलेही येत, आणि घर व कुंभार यांचा संबंध एका व्यवहारापुरता नसून पिढ्यांचा असे. या संबंधाचे आम्ही गोडवे गाणार नाही. बलुत्याच्या व्यवस्थेत कुणाचे स्थान कोठे आणि त्याला किती धान्य हे ठरवणारा कुंभार नव्हता. शिवाय गावातील कित्येक घरांना कौल परवडतच नसे; त्यांच्या वाट्याला गवत आणि आगीचे भय. एवढेच म्हणायचे की त्या छपराचा जीव त्याच्या अखंडपणात नव्हता, दर वर्षी होणाऱ्या पुनर्मांडणीत होता.

२. नेत्रावतीच्या काठी

आमच्या आजोळच्या छपरावर मात्र नळे नाहीत. तेथे आहेत ती तांबडी, चपटी, कडांना खाचा असलेली कौले, ज्यांना सारा महाराष्ट्र ‘मंगलोरी कौले’ म्हणतो. त्यांची कथा कुंभाराच्या चाकापासून सुरू होत नाही. ती फ्रान्समधल्या आल्सास प्रांतातून सुरू होते. तेथील आल्टकिर्श या गावच्या गिलार्डोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. प्रत्येक कौलाच्या कडेला पन्हळीसारखी खाच आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारा उंचवटा. त्यामुळे दोन कौलांचा सांधा झाकायला तिसरे कौल लागत नाही. पुढे या जातीच्या कौलांचा प्रसार युरोपभर झाला.

हे कौल पश्चिम किनाऱ्यावर आणले ते धर्मप्रसारकांनी. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे १८१५ साली स्थापन झालेल्या मिशनचे पहिले प्रचारक १८३४ साली मंगळूरला उतरले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे मिशन परके नसावे. १८४३ साली निघालेले ‘मंगळूर समाचार’ हे पहिले कन्नड वृत्तपत्र याच मिशनच्या हेर्मान म्योग्लिंग यांचे; हेर्मान गुंडर्ट यांचा मलयाळम कोश १८७२ चा आणि फर्डिनांड किटेल यांचा कन्नड कोश १८९४ चा, हेही याच परिवारातले. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड-हुबळीतही मिशनची केंद्रे होती.

मिशनपुढे एक अडचण उभी राहिली आणि ती धर्मशास्त्रातली नव्हती. जो धर्मांतर करी त्याची जात तुटे, आणि जातीबरोबर धंदाही तुटे. दक्षिण कानड्यात धर्मांतरितांमध्ये बिल्लव समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. ताडी काढणे हा त्यांच्यापैकी पुष्कळांचा व्यवसाय मिशनच्या नीतीत बसत नव्हता. कूळ म्हणून कसत असलेली जमीन जाण्याचेही भय होते. या माणसांनी खायचे काय? शेतीच्या वसाहती, सुतारकाम, घड्याळे असे बरेच प्रयोग मिशनने करून पाहिले. टिकले ते दोन उद्योग, विणकाम आणि कौले.

कौलांच्या कारखान्यामागचे नाव गेओर्ग प्लेब्स्ट यांचे. आम्हाला विशेष वाटले ते हे की हे गृहस्थ मंगळूरला आले ते मिशनचा छापखाना सांभाळण्यासाठी. छापखान्यातला माणूस साच्याचा विचार करणारच. अक्षराचा ठसा एकदा नीट पाडला की तेच अक्षर हजार वेळा उमटते. १८६५ साली नेत्रावती नदीच्या काठी जेप्पू येथे मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला. नदीकाठची चिकणमाती हाताशी, लाकूडफाटा आणि तयार माल वाहायला नदी हाताशी, आणि पुढे समुद्र. पुढच्या काळात कुद्रोळी, मालपे, कालिकत, कोडक्कल, फेरोक अशा ठिकाणी मिशनचे कारखाने निघाले. मंगळूर परिसरात स्थानिक उद्योजकांनीही आपापले कारखाने काढले, आणि काही दशकांत ‘मंगलोरी’ हे गावाचे विशेषण न राहता कौलाच्या जातीचे नाव झाले. स्वतंत्र भारताच्या मानक संस्थेने कौलांचे मानक ठरवले, तेव्हा ६५४ क्रमांकाच्या त्या मानकाच्या शीर्षकातच ‘मंगलोर पॅटर्न’ हे शब्द आले.

कोकणाला हे कौल जहाजाने आले. रस्ते बेताचे आणि घाट अवघड अशा त्या काळात रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे मंगळूरला पुण्यापेक्षा जवळची होती. गलबताला खाली वजन लागतेच. कौलांसारखा जड आणि ओल्याने न बिघडणारा माल त्याला सोयीचा. मुंबईलाही ती याच वाटेने गेली, आणि समुद्रापलीकडे एडन, पूर्व आफ्रिका, ब्रह्मदेश येथवर पोचली.

३. काय बदलले

मंगलोरी कौलाने घराचे नुसते झाकण बदलले नाही. घराची मापे बदलली. नळ्यांना वाकडातिकडा वासा आणि बांबूच्या कामट्या चालत. मंगलोरी कौलाच्या पाठीला एक नाक असते आणि ते रिपेला अडकते. त्यामुळे रिपा सरळ, चौकोनी आणि एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर हव्यात; अर्धा इंच इकडेतिकडे झाले तर वरचे कौल खालच्यावर नीट चढत नाही. करवतीचे लाकूड, मोजपट्टी आणि मापाला पक्का सुतार ही या कौलाची पहिली मागणी. साधारण सोळा इंच लांब आणि दहा इंच रुंद अशा त्या तुकड्याने सुतारालाच साच्यात बसवले म्हणा ना.

दुसरा बदल पंचांगातला. अडकणारे कौल सहसा सरकत नाही, म्हणून दर वर्षी छप्पर उतरवण्याचे कारण उरले नाही. जी शाकारणी ऋतूची होती ती अपघाताची झाली. कौल फुटेल तेव्हा आणि तेवढेच बदलायचे. ‘दुरुस्ती’ या शब्दाला आजचा अर्थ छपरापुरता येथे मिळाला असे आम्हाला वाटते. गृहस्थाची मोठी सोय झाली यात शंका नाही. दर वर्षीची मजुरी वाचली, छपराचे ओझेही हलके झाले. पण या सोयीबरोबर कुंभाराचा वर्षाचा फेराही संपला. त्याच्याकडची मागणी घटली ती कोणी त्याला नको म्हटले म्हणून नव्हे. त्याच्या मालाची गरजच पडेनाशी झाली म्हणून.

तिसरा बदल आरोग्याच्या नावाने झाला, आणि त्याची हकीकत मुंबईची आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत ऊन यावे म्हणून सरकारी माणसांनी कित्येक घरांची कौले काढली. ज्या छपराखाली माणूस आजारी पडला होता ते छप्परच संशयित ठरले. पुढे १९०५ नंतरच्या प्लेगसंशोधनात उंदीर, पिसू आणि माणूस यांची साखळी स्पष्ट झाली, तेव्हा देशी कौलांच्या दुहेरी थरांतील पोकळ्या ही उंदरांची आवडती जागा असल्याचे नोंदवले गेले. चपट्या कौलांच्या छपरात ती पोकळी नाही. नळ्यांच्या छपराला ‘जुनाट’ ठरवणारे हे एक कारण, आणि ते खोटे नव्हते. आपली जुनी छपरे केवळ फॅशनपायी गेली अशी हळहळ करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि चौथा बदल, जो आम्हाला आमच्या एका कौलापायी कळला. नळ्याच्या छपरात कोणत्याही कुंभाराचा नळा कोणत्याही नळ्याशेजारी बसतो. थोडा लहान-मोठा असला तरी हात फिरवून जमवून घेता येते. मंगलोरी कौल मात्र आपल्या साच्याच्या कौलाशीच जुळते. दिसायला सगळी सारखी, पण एका कारखान्याची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यापेक्षा दोन सूत अरुंद. बळेच बसवले तर बसल्यासारखे दिसते आणि पहिल्या सरीला गळते. कारखान्याने घराची कुंभारावरची ताबेदारी सोडवली आणि त्या जागी साच्यावरची ताबेदारी आणली. कारखाना चालू आहे तोवर ती जाणवत नाही.

४. तारखेचा फसवा पुरावा

फुटलेल्या कौलाचे तुकडे आम्ही पुसून पाहिले. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठावाने काढलेले असते. तक्तपोशी नसलेल्या घरात ते खालून वाचता येते. कोकणातल्या कितीतरी मुलांनी दुपारी उताणे पडून आपली पहिली रोमन अक्षरे तेथेच ओळखली असतील. आमच्यापैकी एकाने तरी ओळखली. आमच्या तुकड्यांवर बासेल मिशनचे नाव आणि ‘१८६५’ हा आकडा होता. आकड्याच्या मधूनच तडा गेला होता.

घरात पूर्वापार समजूत अशी की हे घर १८६५ साली बांधले. ‘कौलावर लिहिलेच आहे’ हा त्याचा पुरावा. अनेक घरांत ही समजूत आम्हाला आढळली. पण तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे, कौलाच्या जन्माचा नव्हे. कारखाना सुरू झाल्यावर पन्नास वर्षांनी निघालेल्या कौलावरही तोच आकडा असणार. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर प्रकाशनसंस्थेचे स्थापनावर्ष पाहून त्याला ग्रंथाचे प्रकाशनवर्ष मानण्यासारखे हे आहे, आणि विद्यार्थ्यांना अशा चुकीबद्दल आम्ही रागावत आलो आहोत.

मग काय सांगता येईल? पहिल्या महायुद्धात बासेल मिशनच्या जर्मन प्रचारकांना स्थानबद्ध करण्यात आले, मिशनचे उद्योग सरकारने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. तेव्हा मिशनचे नाव असलेले कौल सर्वसाधारणपणे त्या युद्धाच्या आधीचे असावे असा तर्क करता येतो. पण त्यावरूनही घराचे वय ठरत नाही, कारण कौले एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात. भावाभावांत वाटणी झाली, घर पडले, कोणी मुंबईला कायमचे गेले, की वासे आणि कौले विकली जातात. आम्ही पुढे शिडीवरून छप्पर पाहिले तेव्हा एकाच पाख्यावर तीन कारखान्यांची नावे निघाली. तीन साचे तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, आणि पट्ट्यांच्या सीमेवर सिमेंटची ओबडधोबड शिवण. प्रत्येक शिवणीच्या जागी कधीतरी काहीतरी कोसळले असणार आणि त्या वेळी जे मिळाले ते बसवले गेले असणार.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही अनेक हातांनी डागडुजी केलेली संहिता होती. फरक असा की संहितेत परका तुकडा ओळखून काढणे हे पुण्य, आणि छपरात परका तुकडा बसवून गळती थांबवणे हे पुण्य. मूळ शोधण्याची आमची सवय छपराखाली निरुपयोगी ठरली. तेथे प्रश्न मूळचा नव्हता, जुळण्याचा होता.

आणखी एक गोष्ट त्या तुकड्यांनी दाखवली. नळ्यावर कोणाचे नाव नसते, पण आतल्या बाजूला कुंभाराच्या ओल्या बोटांचे पट्टे असतात. मंगलोरी कौलावर नाव आहे, गाव आहे, साल आहे. माती मळणारा, साच्यातून कौल काढणारी, भट्टीशी उभा राहणारा यांची खूण नाही. जात गेली म्हणून ज्यांचा धंदा गेला त्यांनी ती कौले भाजली, घंटेच्या ठोक्यावर, ठरल्या तासांत. त्यांच्या घामावर आमच्या तीन पिढ्या कोरड्या राहिल्या. ज्या घरात धर्मांतरिताला ओटीवर पाणी मिळाले नसते त्या घराच्या देवघरावरही हीच कौले होती. आमच्या आजोळच्या घराबद्दल आम्ही हे म्हणत आहोत. इतरांनी आपापल्या छपराकडे पाहावे.

५. ‘पारंपरिक’ म्हणजे कधीचे

आता साहित्याकडे वळू. विसाव्या शतकातील मराठी कविता, भावगीते, शालेय चित्रे आणि पुढे चित्रपट यांनी कोकणाची म्हणून जी प्रतिमा रुजवली, तिच्यात हिरव्या माडांमधले तांबडे छप्पर अटळ आहे. ते छप्पर सनातन आहे असे आपण मानतो. वस्तुतः तो तांबडा रंग आणि ती सरळ रेघांची घडी आल्सासमधल्या एका पेटंटाची आणि मंगळूरच्या भट्टीची आहे. त्यापूर्वीच्या बहुतेक गावांचा वरून दिसणारा रंग गवताचा, झापांचा किंवा शेवाळलेल्या नळ्यांचा असणार. ज्याला आपण परंपरा म्हणून आठवतो ते एके काळचे आयात केलेले नवे यंत्रयुग आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण ‘कौलारू’ या शब्दावर हुरळून जाताना एवढे माहीत असावे.

गंमत अशी की आज या कौलावर जी पाळी आली आहे ती त्यानेच एकदा नळ्यावर आणली होती. मंगळूरचे कारखाने गेल्या काही दशकांत एकामागून एक बंद पडत गेले. माती आणि जळण महागले, आणि घरांवर काँक्रीटची गच्ची आली. महाराष्ट्रात गुजरातच्या मोरबीची, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची कौले आली, ती त्याच घडणीची पण आपापल्या साच्याची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील असंख्य घरांची छपरे एका दिवसात उडाली. अशा वेळी एकेक कौल शोधत बसायला कोणाला सवड असते? पावसाच्या आत डोक्यावर काहीतरी हवे असते, आणि पत्रा एका दिवसात चढतो. त्या घरांनी पत्रा घातला म्हणून त्यांना सौंदर्यदृष्टी नाही असे म्हणणारा लेख आम्हाला लिहायचा नाही. आता तर कौलासारखा दिसणारा, तांबडा, वळ्या पाडलेला पत्राही मिळतो. वस्तू जाते आणि तिचे चित्र मागे राहते, याचे यापेक्षा ढळढळीत उदाहरण समीक्षेच्या वर्गात देता येणार नाही.

आमच्याही घरात हाच वाद झाला. मामांचे म्हणणे, एका कौलासाठी गावभर हिंडण्यापेक्षा संपूर्ण पाखे उतरवून पत्रा घालावा. पुढच्या वर्षी दुसरे कौल फुटेल, तेव्हा ते बसवायला हे गृहस्थ तरी असतील का? या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या गृहस्थांचा मुलगा गोव्यात नोकरीला आहे आणि त्याला हे काम शिकवण्याचा आग्रह त्यांनी कधी धरला नाही. कौलांवरून चालताना पाय कोठे ठेवायचा, म्हणजे जेथे खाली रीप आहे आणि दोन कौले एकमेकांवर चढली आहेत त्या रेघेवरच, हे सांगून कळते. पायाला कळायला काही पावसाळे जावे लागतात. तेवढे पावसाळे द्यायला आता कोण तयार होईल?

शेवटी कौल मिळाले. शेजारच्या वाडीत एक घर पडून वर्षे झाली आहेत. त्याच्या खळ्यात कौलांची चळत रचून ठेवलेली होती, वर शेवाळ, मध्ये वारुळाची माती. तात्यांनी (त्या गृहस्थांना सारी वाडी तात्या म्हणते) सात-आठ कौले काढून बाजूला केली, प्रत्येकाला बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला. तडा गेलेले कौल बद्द वाजते, धड असलेले खणखणीत. मग खाचेत बोट घालून एक निवडले. पाठीवर तेच नाव, तोच आकडा.

बसवायला पाच मिनिटे लागली नसतील. वरच्या ओळीतले कौल आणि कडेचे कौल किंचित उचलून धरले, फुटक्याचा उरलेला तुकडा रिपेवरून सोडवून खाली ओढला, नवे (म्हणजे जुनेच) खालून वर सरकवले, नाक रिपेला अडकल्याचा बारीक आवाज आला, आणि उचललेली दोन्ही कौले त्यावर टेकवली. आम्ही खाली स्वयंपाकघरात उभे राहून वर पाहत होतो. उजेडाचा चौकोन बंद झाला.

मृगाच्या पहिल्या पावसात तेथे गळले नाही. दोन हात अंतरावर, सिमेंटच्या जुन्या शिवणीपाशी, गळले; तेथे सध्या पातेले ठेवले आहे. पत्र्याचा निर्णय दिवाळीनंतर घ्यायचे ठरले आहे. फुटक्या कौलाच्या खापऱ्या मुलांनी लगोरीला नेल्या. ‘१८’ हा आकडा असलेला तुकडा मात्र आम्ही मागून घेतला. वर्गात कालनिर्णयाचा पाठ येईल तेव्हा तो विद्यार्थ्यांच्या हाती देऊन विचारावे म्हणतो, की यावरून काय सिद्ध होते, आणि काय होत नाही.